मुलांचा गलका आणि ध्वनीचा धाक : शेजारकलहाचा एक भाषावैज्ञानिक विचार

इ. स. २००५ मध्ये वेल्समधील मर्थर टिडफिल येथील हॉवर्ड स्टेपल्टन ह्या गृहस्थांनी एक लहानसे विद्युत्-यंत्र तयार केले व त्यास ‘मॉस्किटो’, म्हणजे डास, असे नाव दिले. ह्या यंत्रातून सेकंदास सतरा हजारांहून अधिक कंपने असलेला एक तीक्ष्ण, थरथरता ध्वनी निघतो. साधारणतः पंचविशीच्या आतील व्यक्तींस तो ऐकू येतो व असह्य वाटतो. त्याहून वडील असलेल्यांस तो प्रायः ऐकूच येत नाही. त्याच वर्षी वेल्समधील बॅरी ह्या गावी एका दुकानाच्या दाराशी हे यंत्र प्रथम बसविण्यात आले. दारात घोळका करणाऱ्या व गिऱ्हाइकांस त्रास देणाऱ्या किशोरवयीन मुलांस तेथून हुसकावणे एवढाच त्याचा हेतू होता, व तो साध्य झाला. पुढील वर्षी स्टेपल्टन ह्यांस ‘इग नोबेल’ हे विनोदी पारितोषिक, तेही शांततेसाठी, देण्यात आले.

परंतु विषय केवळ विनोदावर सोडून देण्याजोगा नाही. मुलांचा गलका व त्यावरून शेजाऱ्यांत होणारी भांडणे ही जुनीच गोष्ट आहे. नवी गोष्ट ही की, ह्या भांडणात एका बाजूने शब्दांऐवजी ध्वनीच पुढे करण्याची सोय झाली. ‘मुलांनो, येथे दंगा करू नका’ असे बोलून सांगणे व बोलल्याविना त्यांच्या कानास इजा होईल अशी व्यवस्था करणे, ह्या दोहोंत भाषाविज्ञानाच्या दृष्टीने नेमका भेद कोणता, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे. त्यासाठी प्रथम कानाचा, नंतर मुलांच्या आवाजाचा, त्यानंतर त्या आवाजास आपण देतो त्या नावांचा आणि शेवटी यंत्राच्या ‘बोलण्या’चा विचार क्रमाने करू.

१. वयपरत्वे कान

निरोगी तरुण कानास सेकंदास सुमारे २० ते २०,००० कंपनांपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात, असे आपण पाठ्यपुस्तकांत वाचतो. ह्यातील वरची मर्यादा मात्र आयुष्यभर टिकत नाही. अंतर्कर्णात शंखाप्रमाणे वळसे घेतलेली एक नलिका असते व तिच्या आतील पडद्यावर सूक्ष्म केसपेशींच्या ओळी असतात. नलिकेच्या मुखाजवळील पेशी उच्च कंप्रतेच्या ध्वनींस प्रतिसाद देतात, तर आतल्या टोकाच्या पेशी नीच कंप्रतेच्या ध्वनींस. ध्वनीची लाट ह्या पडद्यावरून कशी प्रवास करते ह्याचा उलगडा करणाऱ्या गेऑर्ग फोन बेकेशी ह्यांस १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. वय वाढते तशा मुखाजवळील पेशी प्रथम निकामी होतात व एकदा नष्ट झाल्यावर त्या पुन्हा उत्पन्न होत नाहीत. म्हणून वरचे ध्वनी आधी हरपतात. आणि हा ऱ्हास म्हातारपणी नव्हे, विशीतच सुरू झालेला असतो.

ही गोष्ट प्रयोगाने दाखविण्याचे एक साधन फ्रान्सिस गॉल्टन ह्यांनी १८७६ च्या सुमारास तयार केले. कंप्रता कमीअधिक करता येईल अशी ती एक बारीक शिटी होती. हातातील काठीत ती बसवून ते प्राणिसंग्रहालयात व रस्त्यांतून हिंडत आणि कोणत्या प्राण्याचे कान टवकारतात हे पाहत. वयस्क माणसांस शिटी ऐकू येईनाशी झाली की त्यांस आश्चर्य वाटे, कारण आपल्या कानांत काही उणे आहे ह्याची त्यांस तोवर कल्पनाच नसे. ‘मॉस्किटो’ हे यंत्र तत्त्वतः ह्या शिटीचेच वंशज होय. फरक एवढाच की, गॉल्टन ह्यांनी श्रवणाची मर्यादा मोजली, तर येथे त्या मर्यादेचा कुंपणासारखा उपयोग करण्यात आला.

आता मानवी वाणी ह्या पट्टीवर कोठे बसते ते पाहू. प्रौढ पुरुषाच्या आवाजाची मूळ कंप्रता सेकंदास १२० च्या आसपास, स्त्रीची २०० ते २२० आणि लहान मुलाची २५० ते ३०० किंवा त्याहूनही अधिक असते. स्वरांची ओळख पटविणारे अंश बहुतांशी ३,००० च्या खाली असतात. ‘स’ सारख्या ऊष्म वर्णांचे बळ ४,००० ते ८,००० ह्या पट्ट्यात व त्याच्याही वर असते. जुन्या दूरध्वनीतून केवळ ३०० ते ३,४०० एवढाच पट्टा पाठविला जाई, तरी बोलणे समजत असे. तात्पर्य, सतरा हजारांचा हा ध्वनी वाणीच्या प्रदेशापलीकडचा आहे. तो बोलण्यास अडथळा करीत नाही व कोणताही वर्ण झाकीत नाही. नंतरच्या काही यंत्रांत सर्व वयांच्या माणसांस ऐकू येणाऱ्या, सुमारे ८,००० कंपनांच्या ध्वनीचाही पर्याय ठेवण्यात आला आहे. परंतु यंत्राची ख्याती झाली ती पहिल्या प्रकारामुळेच.

२. गलका त्रासदायक का होतो

येथवर वाचून तक्रार करणारा वयस्क शेजारी हाच एकटा दोषी, असे कोणास वाटेल. तसे समजणे अन्यायाचे होईल. त्याचा त्रास खरा असतो, आणि त्यास ध्वनिशास्त्रीय कारणे आहेत.

पहिले कारण मुलांच्या आवाजात आहे. मुलांची स्वरनलिका आखूड असल्यामुळे त्यांच्या आवाजाचे बळ प्रौढांच्या मानाने वरच्या पट्टीत पडते, आणि मानवी कान २,००० ते ४,००० ह्या पट्ट्यात सर्वांत अधिक संवेदनशील असतो. शिवाय मुले खेळताना किंचाळतात. किंकाळीचे वैशिष्ट्य केवळ तिच्या मोठेपणात नाही. साध्या बोलण्यात ध्वनीची तीव्रता सेकंदास चारपाच वेळा, म्हणजे साधारण अक्षरागणिक, चढउतार करते. किंकाळीत हा चढउतार सेकंदास ३० ते १५० वेळा होतो, व त्यामुळे तिला एक प्रकारचा खरखरीतपणा येतो. लुक आर्नाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये हे दाखवून दिले. असा ध्वनी मेंदूतील भयाशी निगडित असलेल्या भागास जागे करतो. किंकाळी ऐकून दुर्लक्ष करणे मनुष्यास अवघड जावे, अशीच निसर्गाची योजना दिसते. अंगणातील मूल आनंदाने किंचाळत आहे, हे माडीवरील माणसाच्या बुद्धीस कळते. परंतु ते कळण्यापूर्वीच तो दचकलेला असतो.

दुसरे कारण ऐकणाऱ्याच्या कानात आहे. वार्धक्यात श्रवण मंदावले म्हणजे सर्वच ध्वनी सारख्या प्रमाणात मंद होत नाहीत. क्षीण ध्वनी ऐकूच येत नाहीत, मोठे ध्वनी मात्र पूर्वीच्याच जोराने आदळतात, आणि ह्या दोहोंमधील अंतर अरुंद होते. हळू बोलले तर ‘ऐकू येत नाही’ आणि मोठ्याने बोलले तर ‘ओरडतोस कशाला’ असे म्हणणारी वडील मंडळी आपणांपैकी अनेकांच्या घरी असतात. तो त्यांच्या स्वभावाचा हट्ट नसून कानाचा धर्म होय. ऊष्म व अघोष व्यंजने नीट ऐकू न आल्यामुळे त्यांस बोलणे ‘ऐकू येते, पण कळत नाही’. त्यात पार्श्वभूमीस कलकलाट असेल तर समोरच्या माणसाचे बोलणेही हातचे जाते. म्हणजे ज्या वयात ‘मॉस्किटो’ ऐकू येत नाही, त्याच वयात मुलांचा गलका अधिक जाचतो. एकाच ध्वनीच्या दोन टोकांस बसलेल्या ह्या दोन पक्षांचे कानच निराळे असतात.

तिसरे कारण मनाचे आहे. डेव्हिड ग्लास व जेरोम सिंगर ह्या मानसशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात काही प्रयोगांचे वर्णन आहे. त्यांत काही व्यक्तींस मोठा व अनियमित गोंगाट ऐकविण्यात आला. त्यांपैकी काहींच्या हाताशी एक बटण होते. ते दाबल्यास गोंगाट बंद होईल, परंतु शक्यतो दाबू नये, असे त्यांस सांगण्यात आले होते. बहुतेकांनी ते दाबले नाही. तरीही नंतर दिलेली कामे त्यांनी बटण नसलेल्यांपेक्षा चांगली केली. गोंगाट दोघांनीही सारखाच ऐकला होता. तो थांबविणे आपल्या हाती आहे, एवढ्या जाणिवेने त्याचा भार हलका केला. शेजारकलहाच्या दृष्टीने हा निष्कर्ष फार मोलाचा आहे. ज्याला खाली जाऊन ‘बाळांनो, आता थोडा वेळ हळू खेळा’ असे म्हणता येते, व म्हटल्यास ऐकले जाईल असा भरवसा वाटतो, त्याच्यापाशी ते बटण असते.

३. नावात काय आहे

एकाच ध्वनीस निरनिराळी नावे मिळतात व नाव ठरले की निवाडाही बराचसा ठरून जातो. मराठीत मुलांच्या आवाजासाठी शब्दांची वाण नाही. गलका, गलबला, कल्ला, कलकलाट, गोंगाट, आरडाओरडा, धिंगाणा, धुडगूस ही सर्व नावे आपण वापरतो. आणि तोच आवाज आवडला म्हणजे त्यास पाखरांची ‘किलबिल’ म्हणतो. कलकलाट व किलबिल ह्या दोन अनुकरणवाचक शब्दांतील व्यंजने जवळपास सारखीच आहेत; ऐकणाऱ्याची प्रसन्नता वा अप्रसन्नता मात्र त्यांत पुरती उतरली आहे. ‘दंगा’ हा शब्द मुलांच्या खेळास लागतो व रस्त्यावरील हिंसेसही लागतो. ‘ओरडणे’ हे क्रियापद तर दोन्ही पक्षांस सामायिक आहे : मुले ओरडतात, आणि ती ओरडतात म्हणून मोठी माणसे त्यांना ओरडतात.

इतर भाषांतही हाच प्रकार दिसतो. इंग्रजीतील ‘नॉइज’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. तेथे त्याचा अर्थ गलबला व भांडण असा दुहेरी होता. आजच्या फ्रेंचमध्येही ‘शेर्शे न्वाझ’ म्हणजे भांडण उकरून काढणे. ह्या शब्दाचे मूळ लॅटिनमधील मळमळवाचक शब्दात आहे, असे बहुतेक व्युत्पत्तिकार मानतात. गोंगाटासाठी जर्मन भाषेत ‘लेर्म’ हा शब्द आहे. त्याचे मूळ ‘शस्त्रे घ्या’ अशा अर्थाच्या रोमान्स भाषांतील आरोळीत आहे. घड्याळाच्या गजरास आपण ‘अलार्म’ म्हणतो, तो शब्दही त्याच आरोळीतून निघालेला. अशा रीतीने उपद्रवी ध्वनीच्या नावांतच भांडण, मळमळ व युद्ध दडलेले आहे.

हा केवळ कोशातील विलास नव्हे, हे कायद्याच्या इतिहासावरून दिसते. गोंगाटाचे नियम सामान्यतः आकड्यांत असतात. आपल्याकडील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल अशी मर्यादा आहे. डेसिबेल मोजणाऱ्या उपकरणास ध्वनी यंत्राचा की मुलाचा, हे ओळखता येत नाही. जर्मनीत बालवाड्या व क्रीडांगणे ह्यांच्याविरुद्ध शेजाऱ्यांनी न्यायालयांत धाव घेतली, तेव्हा हीच अडचण उभी राहिली. शेवटी २०११ मध्ये तेथील संघराज्याच्या कायद्यात एक कलम घालण्यात आले. बालवाड्या, क्रीडांगणे इत्यादी ठिकाणी मुलांमुळे होणारा ध्वनी हा सामान्यतः पर्यावरणास हानिकारक परिणाम समजू नये व त्याचा विचार करताना आकड्यांच्या मर्यादा लावू नयेत, असा त्याचा आशय आहे. ह्या कलमात ‘लेर्म’ हा शब्द टाळून ‘गेरॉइश’ हा ‘ध्वनी’ एवढ्याच अर्थाचा तटस्थ शब्द योजलेला आहे, हे अभ्यासकांनी ध्यानात घेण्यासारखे आहे.

टोकियो महानगराने २०१५ मध्ये आपल्या पर्यावरणविषयक नियमांत अशीच दुरुस्ती केली. शालापूर्व वयातील मुलांचे आवाज आकड्यांच्या मर्यादेतून वगळण्यात आले. जपानी भाषेत उपद्रवी ध्वनीस ‘सोऑन’ व कंठातून निघणाऱ्या आवाजास ‘कोए’ म्हणतात. ह्या दुरुस्तीने मुलांचा आवाज पहिल्या सदरातून काढून दुसऱ्यात नेला, असे म्हणावयास हरकत नाही. तथापि शेजाऱ्याची तक्रार ऐकून घेण्याचे दार बंद केलेले नाही. ध्वनी सोसण्याच्या मर्यादेबाहेर आहे किंवा नाही हे ठरविताना ज्या गोष्टी पाहावयाच्या त्यांत ध्वनीचा प्रकार, त्याची वारंवारता, परिसराचे स्वरूप ह्यांबरोबर संबंधितांमध्ये आपसांत बोलणे झाले किंवा काय, हीही एक गोष्ट आहे. आकड्याच्या जागी संभाषणास पुराव्याचे स्थान मिळाले, हे भाषेच्या अभ्यासकास विशेष वाटल्यावाचून राहत नाही.

४. उत्तर न देता येणारा ध्वनी

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अमेरिकन भाषावैज्ञानिक चार्ल्स हॉकेट ह्यांनी १९६० मध्ये मानवी भाषेची तेरा लक्षणे मांडली. त्यांपैकी दोन येथे उपयोगी आहेत. पहिले लक्षण परस्परविनिमयाचे : जो बोलतो तो ऐकूही शकतो, व जे ऐकले ते बोलूही शकतो. वक्ता व श्रोता ह्या भूमिका कोणाच्याही कायमच्या मालकीच्या नसतात. दुसरे लक्षण संपूर्ण प्रत्यावर्तनाचे : वक्त्यास स्वतःचे बोलणे ऐकू येते. आपला आवाज चढला, शब्द कठोर गेला, हे त्याचे त्यालाच कळते व पुढच्या वाक्यात तो सावरून घेऊ शकतो.

‘मॉस्किटो’ हा ध्वनी ह्या दोन्ही कसोट्यांवर भाषेच्या उलट ठरतो. तो लावणाऱ्या प्रौढास तो ऐकू येत नाही. म्हणून आपण काय करीत आहोत हे त्यास कानाने कळण्याचा मार्ग नाही. ज्यास तो ऐकू येतो त्यास उत्तर देता येत नाही, कारण भिंतीवरील पेटीस कान नाहीत. ह्या ध्वनीस आशय आहे : ‘येथून जा’. परंतु त्यास वक्ता नाही, संबोधन नाही आणि कारणही नाही. ‘तू दंगा केलास म्हणून जा’ असे तो सांगत नाही. ‘तू लहान आहेस म्हणून जा’ एवढेच सांगतो. दुकानात आईच्या कडेवर आलेले तान्हे मूल, शांतपणे पुस्तक वाचीत बसलेली मुलगी व काचा फोडणारा मुलगा ह्या तिघांसही तो सारखाच लागतो. तान्ह्या मुलाने रडून दिलेले उत्तर तर त्याच्या आईसही समजत नाही, कारण ध्वनी तिला ऐकूच येत नसतो.

ह्याच्या तुलनेसाठी संगीताचे उदाहरण घेता येईल. टोळक्यांस दूर ठेवण्यासाठी लंडनच्या भुयारी रेल्वेच्या एल्म पार्क स्थानकावर २००३ मध्ये पाश्चात्त्य अभिजात संगीत लावण्यात आले. सिडनीतील रॉकडेल येथे २००६ मध्ये बॅरी मॅनिलो ह्या गायकाची गाणी रात्री ध्वनिवर्धकावरून वाजविण्यात आली. हेतू ‘मॉस्किटो’चाच. परंतु रॉकडेल येथे आसपासच्या रहिवाशांनीच ह्या गाण्यांविषयी तक्रारी केल्या. उपाय करणाऱ्यांच्या बाजूच्या लोकांसही तो ध्वनी ऐकू येत होता, म्हणून तो त्यांस जाचला व त्याविषयी बोलणे सुरू झाले. प्रत्यावर्तन म्हणजे काय, हे ह्याहून स्पष्ट क्वचितच दिसेल. ‘मॉस्किटो’ सोयीचा वाटतो तो नेमका ह्या जाचातून सुटका होते म्हणून.

मुलांनी ह्यास दिलेले उत्तरही भाषावैज्ञानिकाने नोंदवून ठेवावे असे आहे. २००६ पर्यंत तोच ध्वनी ध्वनिमुद्रित होऊन भ्रमणध्वनीच्या घंटीच्या रूपाने शाळाशाळांतून पसरला. वर्गात घंटी वाजे, सर्व मुलांस ऐकू येई आणि शिक्षकास पत्ता नसे. मुलांना पळविण्यासाठी निघालेला ध्वनी मुलांनीच एकमेकांस निरोप देण्यासाठी उचलला. ज्या संकेतास परस्परविनिमयाचे अंग नव्हते, ते त्यांनी त्यास आपल्यापुरते मिळवून दिले. मनुष्य ध्वनी केवळ सोसून राहत नाही, संधी मिळताच त्याची भाषा करतो, ह्याचे हे उदाहरण होय.

सार्वजनिक पातळीवरील प्रतिक्रियाही झाली. २००८ मध्ये इंग्लंडचे बालक आयुक्त व काही नागरी हक्क संघटना ह्यांनी ह्या यंत्राविरुद्ध मोहीम उघडली. त्या वेळी देशात सुमारे ३,५०० यंत्रे असल्याचे सांगितले गेले. जून २०१० मध्ये युरोप परिषदेच्या संसदीय सभेने सार्वजनिक ठिकाणी ह्या यंत्रांवर बंदी घालावी अशी शिफारस केली. केवळ वयावरून भेदभाव होतो, हा तीमागील एक प्रमुख आक्षेप होता. शिफारस बंधनकारक नसल्यामुळे यंत्राची विक्री थांबली नाही. टोकियोच्या आदाची विभागात २००९ मध्येच ते एका उद्यानात बसविण्यात आले होते, व अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरातील अनेक उद्यानांतही पुढे ते बसविले गेले. मांजरे हाकलण्यासाठी बागांतून लावलेली उच्च कंप्रतेची यंत्रे ही ह्याच कुळातील. त्यांचाही ध्वनी कित्येकदा शेजारच्या मुलांच्या कानी पडतो, आणि वडील मंडळींस त्याचा पत्ताही नसतो.

५. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसेल की, मुलांच्या गलक्यावरून होणाऱ्या भांडणात दोन्ही पक्षांचे म्हणणे खरे असू शकते. मुलाच्या दृष्टीने ओरडणे हा खेळाचाच भाग आहे. वृद्ध शेजाऱ्याच्या दृष्टीने तो कानावरचा आघात आहे. हा विरोध कानांच्या रचनेतून आलेला असल्यामुळे कोणत्याही कायद्याने तो पुरता मिटणार नाही. तो मिटविण्याचे साधन एकच, व ते दोन्ही पक्षांस ऐकू येईल अशा पट्टीतील असले पाहिजे. वाणीची पट्टी ही आजोबांच्या व नातवाच्या कानांस समाईक असलेली पट्टी होय.

आपल्याकडील गृहनिर्माण संस्थांच्या आवारांत ‘येथे खेळण्यास सक्त मनाई आहे’ अशा पाट्या आढळतात. ह्या वाक्यातही कर्ता नाही व मनाई कोणाची हे सांगितलेले नाही. एवढ्यापुरती ती पाटी यंत्राच्या जवळ जाते. परंतु पाटी ही अखेर भाषा आहे. ती लावणाऱ्यास व वाचणाऱ्यास सारखीच दिसते. तिच्याविषयी हुज्जत घालता येते, तिची थट्टा करता येते, आणि पुण्यात तर त्या थट्टेस एका लोकवाङ्मयाचे स्वरूप आले आहे. मुख्य म्हणजे ती कोणी लावली हे विचारता येते, आणि विचारले म्हणजे बोलणे सुरू होते. सतरा हजार कंपनांच्या ध्वनीस असे काहीच विचारता येत नाही. म्हणून शेजारी-शेजाऱ्यांतील तंट्यात कोणतेही साधन वापरण्यापूर्वी एक साधी कसोटी लावून पाहावी : ज्याच्यासाठी हे आहे त्यास ह्याचे उत्तर देता येईल काय, व ते उत्तर मला ऐकू येईल काय? दोहोंपैकी एकाचेही उत्तर ‘नाही’ असे आल्यास, त्या साधनाने भांडण मिटत नाही. ते केवळ आपल्या कानांआड होते.